खाणीचा चोथा आणि हळदीचं बारदान

या, अशा जवळ येऊन बसा. उंबऱ्यातनं काय विचारता? आणि आधी थोडं ऐकून घ्या, मग रागवा. तुम्ही लोक नदी बघता ती लांबनं. गाडी कडेला लावता, "पाणी किती गढूळ झालंय" म्हणता, एक फोटो काढता आणि निघता. अहो, ते पाणी वरनं येतं. वर माणसं राहतात. वर काय चाललंय हे विचारायला इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकजण चढून आला नाही. आता अंकासाठी लिहा म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर मी रुसलेच होते.

मी इंदुबाई. मेढ्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटात आमची वाडी. माहेर आष्ट्याचं, काळ्या रानातलं. बरीच वर्षं मी बायकांच्या टोळीची मुकादम होते. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, म्हणून घरी. काम काय होतं, तर खाणीचा चोथा डोंगरावर बांधून ठेवायचा. पाव्हण्यांत कुणी विचारलं की माझा भाऊ सांगायचा, "आमची ताई डोंगराला कापडं शिवते." चेष्टा करायचा, पण खोटं नव्हतं ते.

चोथा म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, पूर्वी बॉक्साइटची खाण होती. दगड फोडायचा, पाण्यानं धुवायचा, चांगला माल गाडीत घालून न्यायचा. धुतल्यावर जी बारीक लाल राड उरायची ती एका मातीच्या बांधामागं साठवायची. उसाचा रस काढल्यावर चोथा राहतो ना, तसंच. रस ज्याचा त्यानं नेला, चोथा आमच्याकडं ठेवला. पुढं खाण बंद पडली, पाटी गंजून गळून पडली, बांध फुटला, आणि देवळाच्या शिखराएवढा लाल ढीग डोंगराच्या अंगावर तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, डोंगरात लाल माती असायचीच, त्यात एवढं काय? सगळे हेच म्हणतात. पण मातीला अंग असतं. तिच्यात खडे असतात, मुळ्या असतात, पाला असतो, किडामुंगी असते. ह्या चोथ्याला अंगच नाही. नुसतं पीठ. पाण्यात गेलं की लवकर खाली बसत नाही, आणि बसलं की उठत नाही. झऱ्याच्या तोंडावर बसलं की झरा बुजला. भाताच्या खाचरात पसरलं की वाळून कौलासारखं टणक, रोप मान वर काढत नाही. आमच्या ओढ्यातले मासे आणि खेकडे कधी गेले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. ओढा खाली नदीला जातो, नदी कृष्णेला, आणि कृष्णा माझ्या माहेराकडनं जाते. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, यंदा तुझ्याकडनं माती लय आली. तिच्याबरोबर चार करंज्या तरी सोडायच्या."

ह्या ढिगाच्या अगदी पायथ्याला सात घरं. शेवटचं घर हौसाक्काचं. ती नात्यानं माझी चुलत जाऊ. वयानं माझ्यापेक्षा मोठी आणि तोंडानं सगळ्या वाडीपेक्षा मोठी. नवरा गेलेला, पोरी नांदायला गेलेल्या, घरात ती आणि एक म्हैस. तिच्या परसात विहीर. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी तळ दाखवतात तेव्हा सगळी वाडी हौसाक्काच्या विहिरीवर जगते. एका वर्षी तालुक्यातनं माणसं आली, ढीग बघितला, आणि सांगून गेली की पावसाळ्याच्या आत हा ढीग बांधून झाला नाही तर सात घरं उठवायची, रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडात न्यायची, आणि विहीर बुजवून टाकायची. हौसाक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला उठवायला मी बसलेली तर घावली पायजे." माणसं हसत गेली. पण त्या दिवसापासनं ती पाणी ओढून झाल्यावरही विहिरीच्या काठावर उगीच हात ठेवून थांबायला लागली. ते मी बघितलं.

मग पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले, म्हणून वाडीत वाचून दाखवायचा मान माझा. कागदावर लिहिलं होतं, "टेलिंग्जच्या कामासाठी महिला पाहिजेत." मला वाटलं, लिहिणाऱ्यानं घाईत अक्षर गाळलंय. मी मनातल्या मनात दुरुस्ती केली आणि मोठ्यानं वाचलं, टेलरिंग.

सोमवारी सकाळी ढिगाखाली वीस-बावीस बायका हजर. कुणाच्या हातात कात्री, कुणाच्या गळ्यात टेप, कुणी मापाला जुनी चोळी आणलेली. शांताबाईनं तर शिलाई मशीनच डोक्यावर घेऊन चढ चढवला. कामावरचे इंजिनिअर मगदूम साहेब, सांगलीकडचे, नकाशा पसरून उभे होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं, कात्र्यांकडं बघितलं, मशीनकडं बघितलं आणि नकाशाची घडी घातली.

"ह्या कात्र्या कशाला?"

"कापायला," मी म्हटलं.

"काय कापायला?"

"आवं, ते तुमी सांगायचं. क्लास तुमचा हाय न्हवं?"

साहेब हसले नाहीत. हसायची त्यांना सवयच नव्हती. ते एका दगडावर बसले आणि खाणीच्या ह्या चोथ्याला इंग्रजीत टेलिंग्ज म्हणतात हे त्यांनी आम्हाला हळूहळू समजावून सांगितलं. निम्म्या बायका माझ्या नावानं बोटं मोडत खाली उतरल्या. शांताबाई राहिली, कारण मशीन परत न्यायचं तिच्यात बळ नव्हतं. तिचं बघून आणखी काहीजणी राहिल्या. माझी टोळी अशी जमली.

काम सांगायला सोपं आहे, पण क्रम चुकला की सगळं पाण्यात. आधी ढिगाच्या वरच्या अंगाला चर खणायचा आणि डोंगरावरनं येणारं चांगलं पाणी बाजूनं ओढ्यात वळवायचं. चांगल्या पाण्याला वाईट संगत लागू द्यायची नाही. मग ढिगाचा उतार कापून त्याच्या पायऱ्या करायच्या. घळींत दगडांचे बांध रचायचे, पाणी जाईल पण राड अडेल असे. खाली खड्डे काढायचे, त्यात पाणी थांबून निवळतं. आणि शेवटी उतारावर गवताचं बी टाकून वर काथ्याची जाळी अंथरायची. पावसाचा मार जाळीनं सोसायचा, तोवर खाली गवतानं मूळ धरायचं. दोन-तीन वर्षांत जाळी कुजून जाते, पण तोवर तिची गरज संपलेली असते. सासूनंही असंच करावं असं माझं मत आहे. ते मी माझ्या सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मात्र म्हणत नाही.

चर झाला, पायऱ्या झाल्या, बांध झाले. जाळी निम्मीच आली. बाकीची कुठं अडकली ते कुणी सांगेना. मे संपत आला. साहेबांनी फोन करून करून घसा बसवून घेतला. मी म्हटलं, साहेब, गोणपाट चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण ते कुजतं.

"कुजायलाच पायजे म्हणालासा न्हवं तुमी?"

मी आष्ट्याला भावाला फोन लावला. त्याच्या ओळखीचे हुसेनभाई बारदानवाले. बारदान म्हणजे माल काढून घेतलेली रिकामी पोती. हुसेनभाईंच्या घरात हा धंदा आजोबांपासनं. पोतं नुसतं हातात घेतलं की त्यात काय भरलं होतं आणि कितव्यांदा भरलं होतं ते सांगणार. आपल्या पोत्यांचं पुढं काय होणार ह्याची त्यांना इतकी काळजी की ट्रकबरोबर स्वतः घाट चढून आले. सगळा ढीग पायी फिरून बघितला, आणि पोती चांगल्या घरी पडतायत असं तोंड करून म्हणाले, "ताई, सगळं हळदीचं बारदान हाय. फक्त अंथरायच्या आदी धुऊन घ्या."

मी "व्हय, व्हय" म्हटलं. पण मेच्या शेवटाला डोंगरात धुवायला पाणी आणायचं कुठनं? आणि राडीवर अंथरायचं पोतं धुऊन कुणाला दाखवायचं? मी धुतलं नाही. साहेबांना सांगितलंही नाही.

शिवण सुरू झाली. पोतं उसवून सपाट करायचं, एकाला एक जोडून लांब पट्टी करायची. दाभण आणि सुतळी. दिवसभर शिंका. हात राडीनं लाल आणि नाकात हळद. शांताबाईचं मशीन गोणपाटावर दोन टाके घालून जे रुसलं ते आजतागायत. हौसाक्का रोज येऊन समोरच्या दगडावर बसायची. कामाला हात लावायची नाही, फक्त टाके मोजायची. "इंदे, ह्यो टाका हाय का उडी? दोन टाक्यांच्या मधनं माझी म्हस जाईल." बाई वाकळ शिवण्यात पहिल्या नंबरची. तिची वाकळ म्हातारं माणूस पांघरून मरतं आणि नातवंडं तीच पांघरून वाढतात, इतकी टिकते. तेव्हा बोलायचा हक्क तिला होता.

चौथ्या दिवशी आम्ही पट्ट्या अंथरायला घेतल्या. साहेब जाळीच्या मागं साताऱ्याला गेलेले. आम्ही खालनं वर अंथरत गेलो आणि प्रत्येक पट्टीचा काठ वरच्या पट्टीवर चढवला. दिसायला छान दिसत होतं. हौसाक्का तीन पट्ट्या होईस्तोवर बघत बसली. मग उठली.

"कौलं कवा शाकारली न्हाईसा का गं कुणी? वरचं खालच्यावर चढवायचं. आसं केलंसा तर पाणी पोटात शिरंल."

आम्ही बघितलं तर खरंच. पन्नास घरांची कौलं शाकारलेल्या बायका आम्ही, आणि डोंगराच्या बाबतीत अक्कल गहाण ठेवलेली. सगळं उसवलं. हौसाक्कानं पदर खोचला, माझ्या हातातनं दाभण घेतली आणि काठापासनं आत कसं शिवत यायचं ते दाखवलं. पुढचे आठ दिवस तिच्या हाताखाली आम्ही टाका धरायला शिकलो. म्हणजे टेलरिंगचा क्लास शेवटी झालाच, मी काही अगदीच चुकीचं वाचलं नव्हतं.

ढीग झाकून झाला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. तासभर नुसता बडवून गेला. थांबला तसे आम्ही ओढ्यावर पळालो. ढीग जागच्या जागी. पण ओढा पिवळा.

थोडाथोडका नाही, वरणासारखा पिवळा. लाल पाण्याला आम्ही सरावलो होतो. पिवळं कुणी बघितलं नव्हतं. हौसाक्काच्या परसातनं लोंढा गेला होता, तो विहिरीतही शिरला, विहीर पिवळी. संध्याकाळपर्यंत खालच्या गावांत मोबाइलवर व्हिडिओ फिरला की खाणीतलं विष सुटलं. माझ्या भावाचाही फोन आला. "ताई, आता काय सोडलंस गं?"

मला बघितल्याबरोबर कळलं होतं. वासच येत होता. टोळीतल्या बायकांनाही कळलं होतं. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी ढिगाकडं. मुकादम मी, पोती न धुतलेली माझ्यामुळं, तेव्हा बोलायचं ते मी, असं त्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. एक अधिकारी, दोन माणसं, बाटल्यांचा खोका. त्यांनी ओढ्याचं पाणी भरलं, विहिरीचं भरलं, विहिरीभोवती लाल-पांढरी फीत बांधली आणि सात घरांना सांगितलं की संध्याकाळच्या आत सामान हलवा. अधिकारी मगदूम साहेबांना विचारत होता, ढिगात काय मिसळलंय? साहेब शपथेवर सांगत होते, काही मिसळलेलं नाही. माणूस खरं बोलत होता आणि त्याचं तोंड खोटं बोलणाऱ्यासारखं पांढरं पडलं होतं. कुणीतरी सगळ्यांना चहा आणला. मीही घेतला. मी काय विचार करत होते तेही सांगते, लपवून काय करू? बोलले तर काम बंद पडेल, साहेबांवर येईल, आणि वाडीत माझं हसं होईल. ह्यातलं तिसरं कारण सगळ्यांत मोठं होतं.

हौसाक्का फितीच्या आत, विहिरीच्या काठावर बसली होती. त्या दिवशी खरंच बसलेली घावली. अधिकारी तिला उठवत होता, ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तिनंही पोती शिवली होती, तिलाही सगळं माहीत होतं. ती शांतपणे म्हणाली, "इंदे, चा संपला असंल तर बोल."

कप खाली ठेवला आणि बोलले. म्हटलं, साहेब, ते विष नाही, हळद आहे. पोती हळदीची, मी धुतली नाहीत.

अधिकाऱ्याला पटेना. त्याला वाटलं बाई इंजिनिअरला वाचवतेय. मग मी शांताबाईला ढिगावरनं ओल्या पट्टीचा एक तुकडा कापून आणायला लावला. तिची कात्री त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. तो तुकडा वाटीत पिळला, पिवळं पाणी पडलं. जीपच्या ड्रायव्हरकडं तंबाखूची डबी होती, त्यातला बोटभर चुना मी वाटीत कालवला. पाणी बघता बघता लाल झालं.

अधिकारी दोन पावलं मागं सरला. "हे तर आणखीच भयंकर आहे," म्हणाला.

बायका हसायला लागल्या त्या थांबेनात. त्यांना मघापासनं हसायचंच होतं. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच करायचे, हे आमच्यातल्या पोरीसोरींना ठाऊक. पण ते त्याच्या पुस्तकात नसावं. बिचाऱ्यानं वाटीत बोट घातलं, वास घेतला, आणि मग त्याचं आपल्या पांढऱ्या शर्टाकडं लक्ष गेलं. बाटल्या भरताना पोटावर पिवळा पंजा उमटला होता. मी म्हटलं, आता ते निघायचं नाही, घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवा. डोंगराला हळद लागली आणि तुम्ही करवला, म्हणून सांगा.

तोही शेवटी हसला. मात्र काम नेमाप्रमाणंच केलं. बाटल्या तपासणीला नेल्या, फीत तशीच ठेवली. घरं उठवायचं मात्र अहवाल येईपर्यंत थांबवलं. मगदूम साहेब मला रागावले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "इंदुबाई, मला तरी सांगायचं होतं." रागावले असते तर बरं झालं असतं.

अहवाल चांगला आला. फीत हौसाक्कानंच सोडली आणि दोडक्याच्या वेलाला मांडव बांधायला घेतली. आम्ही विहीर उपसून काढली. आणि मग खरा पाऊस लागला. तो लागला की आमच्याकडं आठ-आठ दिवस डोंगर दिसत नाही. आम्ही घोंगड्या घेऊन आळीपाळीनं ढिगाखाली उभे. कडेची एक पट्टी फाटून घसरली, तेवढी राड खालच्या खड्ड्यात अडकली. ती पट्टी मी शिवलेली होती. हे मी स्वतः सांगते, कारण मी नाही सांगितलं तर हौसाक्का सांगेल. बाकी ढीग हलला नाही. सात घरं जागच्या जागी राहिली.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. ओढ्यात खेकडे आले, मासे अजून नाहीत. सड्याच्या पलीकडच्या अंगाला असाच दुसरा ढीग आहे, तिथं काम कधी पोचलंच नाही, आणि आता माझे गुडघे पोचत नाहीत. आणि तो एक कप चहा. हौसाक्का संध्याकाळच्या आत हलवायचं सामान मनातल्या मनात बांधत होती आणि मी चहा पीत होते, हे काही पुसून निघत नाही.

पाऊस ओसरल्यावर, गणपतीच्या आगेमागे, साहेब आले. ढिगावर वीतभर गवत होतं. बघून झाल्यावर आम्ही सगळ्या हौसाक्काच्या अंगणात बसलो. एक सांगायचं राहिलं. इतके दिवस साहेबांनी आमच्या वाडीत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घरनं बाटली आणायचे. ते जैन घरातले, पाणी कापडातनं गाळून प्यायची त्यांची रीत, आणि आमच्या लाल पाण्यात त्यांचं कापड दोनदा बुडलं असतं तर टाकूनच द्यावं लागलं असतं. हौसाक्काला ते सगळं दिसत होतं. तिनं कधी आग्रह केला नाही, पण मनात ठेवलं होतं.

त्या दिवशी ती विहिरीचं ताजं पाणी तांब्यात घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांनी पिशवीतनं पांढरं शुभ्र घडीचं कापड काढलं. म्हणाले, घरची रीत आहे आक्का, वाईट वाटून घेऊ नका.

"गाळा की. आमाला बी बघू द्या."

त्यांनी फुलपात्रावर कापड धरलं, तांब्या ओतला. आम्ही सगळ्याजणी वाकलो. पाणी गळून गेलं. कापड ओलं झालं, तेवढंच. पांढरंच राहिलं. साहेबांनी ते तळहातावर पसरून हौसाक्कापुढं धरलं. तिनं बोट फिरवून बघितलं. साहेब पाणी प्याले, आणखी मागितलं, आणि पुन्हा कापड पुढं केलं.

"आता कशाला?" हौसाक्का म्हणाली.

"आता बघायला बरं वाटतं म्हणून," साहेब म्हणाले. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

ते पाणी प्यायला तुम्हीही या. मेढ्यात उतरा, वर येणारी जीप मिळते, हौसाक्काचं घर कोणीही दाखवेल. ती आता थकलीय, पण दारात माणूस आलं की अजून उठून उभी राहते. येताना आधी कळवू नका, कळवलं की ती सकाळपासनं चुलीपुढं बसते. आणि दिवाळी झाल्यावर बघू, थंडी सरल्यावर बघू, असं करू नका. तुमचं बघू-बघू मी ओळखते. लवकर या.